येळवसेची कॅसेट : घरगुती चित्रफिती आणि मराठवाड्याची आठवण



‘नॉस्टॅल्जिया’ला आपण मराठीत स्मरणरंजन म्हणतो. शब्द छान आहे, पण त्यात रंजन आहे, दुखणं नाही. मूळ शब्द मात्र दुखण्याचाच. १६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो तयार केला. घरापासून दूर राहणारी स्विस माणसं झुरून आजारी पडतात, त्या आजाराचं हे नाव. घरी परतणं आणि वेदना, असे दोन ग्रीक शब्द त्यात जोडले आहेत. म्हणजे सुरुवातीला ओढ होती ती घराची, जागेची. जुन्या काळाची ओढ हा अर्थ नंतर आला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चित्रफितींकडे येऊ. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून चित्रपट दाखवले. त्यातल्या एका चित्रपटात ऑग्यूस्त ल्युमिए आणि त्यांची पत्नी बाळाला भरवताहेत. म्हणजे सिनेमाच्या पहिल्याच जाहीर खेळात घरगुती चित्रफीत होती! १९३२ मध्ये कोडॅकने आठ मिलिमीटरची फिल्म आणली, १९६५ मध्ये सुपर-एट आली, आणि अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांनी त्यावर सगळ्यात जास्त काय टिपलं असेल, तर मुलांचे वाढदिवस आणि नाताळची सकाळ. झाड, भेटवस्तू, झोपेतून उठलेली पोरं. आज साठी-सत्तरीतली माणसं त्या फिती पाहून हळवी होतात.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं, त्यामागोमाग व्हीसीआर आला. लातूर जिल्हाही त्याच वर्षी, १६ ऑगस्टला, उस्मानाबादपासून वेगळा झाला. पुढच्या काही वर्षांत लग्नात ‘व्हिडिओ शूटिंग’ सुरू झालं. तो हॅलोजनचा दिवा, डोळे बारीक करून बघणारे वऱ्हाडी, आहेर देताना कॅमेऱ्याकडे बघून थांबलेले पाहुणे, हे इथल्या पुष्कळांनी पाहिलंय.

पण मला लग्नापेक्षा येळवस महत्त्वाची वाटते. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे डिसेंबर अखेर किंवा जानेवारीची सुरुवात. नाताळच्याच आगेमागे. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेला भाग सोडला तर उरलेल्या महाराष्ट्राला हा सण फारसा माहीत नाही. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत एळ्ळ अमावास्या असते, तिचंच हे आपलं रूप. लातूरला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, बाजार बंद, रस्ते ओस, सगळे शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं दिवाळीला एकवेळ येणार नाहीत, पण येळवसेला येतात. आणि ज्याच्याकडे कॅमेरा असायचा तो याच पाहुण्यांपैकी एक. इथे हॅलोजनची गरज नाही, ऊन भरपूर. ज्वारी कंबरेच्या वर, हरभरा घाट्यावर.

अशी कॅसेट आज लावली की माणसं काय बघतात? ज्याच्यासाठी शूटिंग केलं ते नाहीच बघत. पूजा पुढे ढकलतात. थांबतात कुठे? निघताना बैलगाडीमागे क्षणभर घर दिसतं तिथे. ओसरीवर बसलेली आजी, कोनाडा, माळवदावर वाळत घातलेलं काहीतरी. कॅमेरेवाल्याने जे सहज, नकळत टिपलं, तेच आज मोलाचं झालंय. इतिहासाच्या साधनांचं असंच असतं. कागद लिहिणाऱ्याला जे सांगायचं नव्हतं, तेच पुष्कळदा आपल्या उपयोगी पडतं.

आणि लातूर-उस्मानाबादच्या काही गावांत याला वेगळाच अर्थ आहे. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून माणसं झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं गेली. हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, बावन्न गावं नव्या जागी वसवली. नव्या गावांत सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. जुन्या गावाची गल्ली, पार, वाड्याची देवडी पुन्हा उभी राहिली नाही.

मघाशी म्हटलं ना, ओढ दोन प्रकारची. नाताळची फीत बघणाऱ्याचा काळ गेलेला असतो, घर बहुधा कुठेतरी उभं असतं. किल्लारीच्या माणसाचा काळही गेला आणि जागाही. त्याच्यासाठी ती कॅसेट म्हणजे जुन्या गावाचा उरलेला नकाशा आहे. याला रंजन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडचा ‘हुरहूर’ हा शब्द जास्त जवळचा.

पण हुरहुरीलाही इतिहासाचे प्रश्न विचारायला हवेत. पहिला प्रश्न, आपण हळवे होतो ते कोणत्या घरासाठी? दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, म्हणून लाडकं. त्या पहाटे माणसं दबली ती याच भिंतींखाली, याच मातीखाली. जे घर पडद्यावर सुंदर दिसतं तेच जीवघेणं ठरलं, हे दोन्ही एकदम खरं आहे.

दुसरा प्रश्न, कॅमेरा कोणाकडे होता? ज्यांच्याकडे जमीन किंवा पगार, त्यांच्याकडे. पंगतीत बसलेले दिसतात, पण भल्या पहाटे उठून भज्जी शिजवणाऱ्या बाया क्वचित दिसतात. सालगडी दिसलाच तर डोक्यावर आंबिलीचं भांडं घेऊन, कडेने जाताना. ज्याच्या नावावर शेतच नाही, त्याच्या लेकरांची येळवस कोणत्या कॅसेटमध्ये शोधायची? सण टिपला जातो, दुष्काळ कोणी टिपत नाही. घरगुती चित्रफिती बघून गेलेला काळ सुखाचा वाटतो, त्याचं एक कारण हे आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. आपल्या कॅसेटींवर ‘मिक्सिंग’ करून सिनेमाची गाणी टाकायची पद्धत होती. गाणं चढलं, मूळ आवाज पुसला. आजीचे ओठ हलतात, ऐकू येतं गाणं. आणि आता चित्रही जातंय. चुंबकीय फीत दमट हवेत खराब होते, बुरशी धरते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. कॅसेट आहे, लावायला यंत्र नाही, अशी अवस्था.

म्हणून एक साधं काम सांगतो. कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून ती लावा आणि ते काय बोलतात ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. हा कोण, ती कोणाची सून, हे शेत कोणतं, कडेने जाणाऱ्या त्या माणसाचं नाव काय. हे शेवटचं नाव मुद्दाम विचारा.

आणि एक शेवटचं. गाव हललं, पण शेतं बहुतेक जिथल्या तिथेच राहिली. काही जमिनी नव्या गावठाणांत गेल्या, तरी बाकीचे बांध तेच आहेत. येळवस घरात होत नाही, शेतात होते. म्हणूनच गावाबरोबर ती गेली नाही. भूकंपानंतर साडेतीन महिन्यांच्या आत ती अमावस्या आली होती, आणि आजही येते. जुन्या फितीतली कोप जिथे होती, त्याच जागी उभं राहून नातवाला आजही चित्रण करता येईल. तेव्हा तेवढं गाणं टाकू नका म्हणावं.

आता आपले प्रश्न घेऊ.