१७ सप्टेंबरचा गृहपाठ

शाळेतल्या गमतीजमती या स्मरणिकेत पुष्कळांनी लिहिल्या असतील. मला आपल्या इतिहासाच्या तासाबद्दल लिहायचे आहे.

मराठवाड्यात शाळेचे आणि प्रश्न विचारण्याचे नाते जुने आहे. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांना माध्यम उर्दू आणि साध्या सभेलाही परवानगी लागे. अशा काळात, १९२१ साली, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात मुख्याध्यापक होते. १९३८ मध्ये ते स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’चा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले. त्यांतले कित्येक शिकायला नागपूरला गेले.

आपल्या वेळेपर्यंत मात्र गाईड आणि ‘परीक्षेला काय येणार’ एवढेच उरले होते. नववीत सरांनी ते मोडले. १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थान मुक्त, ही पुस्तकातली ओळ फळ्यावर लिहून ते म्हणाले, “घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या दिवसांत त्यांनी काय पाहिलं?”

आठवड्याने वह्या आल्या. एका घरी रझाकारांच्या भीतीने सोडलेले गाव होते आणि मुक्तीचा आनंद. दुसऱ्या घरी ‘पोलीस ॲक्शन’नंतर परत न आलेला आजोबांचा भाऊ होता. वर्गात कुजबुज झाली, खोटे कोण? सरांनी निकाल दिला नाही. त्यांनी विचारले, “सांगणारा स्वतः तिथं होता का? तेव्हा त्याचं वय काय? दोन्ही खरं असू शकतं का?”

पाठ्यक्रम मागे पडतो म्हणून काही पालक कुरकुरले. सर बधले नाहीत.

पुढे वाचले की केंद्र सरकारने १९४८ मध्येच पंडित सुंदरलाल यांची समिती इकडे चौकशीला पाठवली होती आणि तिचा अहवाल कैक वर्षे दाबून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार खरे होते, नंतरची हिंसाही खरी होती. दोन्ही वह्या खऱ्या ठरल्या.

मित्रहो, १९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. आपल्या नातवंडांच्या हातात मोबाईल आहे, उत्तरे क्षणात मिळतात. ‘हे कोण सांगतंय, त्याला कसं माहीत?’ हे विचारायची सवय मात्र कुणीतरी लावावी लागते. गंगाखेडात अजून असे कुणी आजी-आजोबा असतील, तर मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे धाडा. उशीर करू नका.