बेळ्ळंदूरचा वास, कांद्याचं पाणी

आजची गोष्ट एका दुर्गंधीपासून सुरू करू. बंगळूरच्या बेळ्ळंदूरला राहिलेल्यांना ती वेगळी सांगायला नको. सडक्या अंड्यांचा वास. मे २०१५मध्ये तिथल्या तलावावरचा फेस पेटला, फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८मध्ये पुन्हा आगी लागल्या. देशभर चित्रं गेली, वास काही चित्रात येत नाही. एके काळी याच पाण्यावर आसपासच्या गावांची भातशेती व्हायची.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग चिखलातले जिवाणू सल्फेटवर भागवतात, त्याचं सल्फाइड करतात आणि सोडून देतात.

काठावरचं गवतही सल्फेटचं सल्फाइडच करतं! पण ते सोडून देत नाही, तिथेच धरून ठेवतं.

हे कळायला शंभरएक वर्षं लागली. १८६०च्या सुमारास जर्मनीत सॅक्स आणि क्नॉप यांनी मातीशिवाय, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवली. त्यातून गंधक वनस्पतीला लागतंच, हे पक्कं झालं. १९३३मध्ये आफ्रिकेतल्या न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, चहाचे मळे पिवळे पडत होते. स्टोरी आणि लीच यांनी दाखवलं की हा रोग नाही, गंधकाची उपासमार आहे. पण झाड गंधकाचं करतं काय?

सल्फेट फार स्थिर, सहजासहजी कशाशी जुळत नाही. १९५०च्या दशकात फ्रिट्झ लिपमन आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला: पेशी आधी आपलं ऊर्जेचं नाणं, एटीपी, खर्चून सल्फेटला 'जागं' करते. पुढे कळलं की पानातल्या हरितलवकात त्याचं सल्फाइट होतं, मग सल्फाइड. सल्फाइड विषारी, म्हणून ते लगेच सेरीनपासून बनलेल्या एका रेणूशी बांधलं जातं आणि सिस्टीन हे अमिनो आम्ल तयार होतं. जास्तीचं सल्फेट रिक्तिकेत साठतं. आणि मुळांचा दरवाजा? सल्फेट आत घेणाऱ्या प्रथिनांची वनस्पतींमधली पहिली जनुकं १९९५मध्ये हाती लागली, तीही स्टायलोमधून. हो, आपल्याकडे जनावरांना घालतात तो स्टायलो!

आता आपल्या शेतांकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. १९५१मध्ये सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला तो अमोनियम सल्फेट बनवायला. त्यात सुमारे २४ टक्के गंधक. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११-१२ टक्के. शेतकरी नत्र आणि स्फुरद विकत घेत होता, गंधक फुकट येत होतं. मग युरिया आणि डीएपी आले. वाहतुकीला सोयीचे, नत्र-स्फुरद भरपूर, गंधक जवळजवळ शून्य. ते बंद झालं हे कुणाला जाणवलंच नाही. माझ्या मते खतांच्या इतिहासातली ही सर्वात गुपचूप झालेली चूक.

त्यात निदान फसवं. नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी पडतात, गंधक कमी पडलं तर बहुधा कोवळी. फरक ध्यानात आला नाही की आणखी युरिया पडतो. आणि नाशिकचे बागायतदार म्हणतील, आम्ही तर भुरीसाठी द्राक्षांवर गंधक मारतोच. पण ते शुद्ध गंधक. मातीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय मुळं ते घेऊ शकत नाहीत.

कांद्याला हे सगळ्यात आधी कळतं. बंगळूर, कोलार, चिक्कबळ्ळापूर भागातला भौगोलिक मानांकन मिळालेला छोटा लाल कांदा घ्या, नाहीतर लासलगावचा. सिस्टीनपासून तो गंधकाची संयुगं बनवून पेशीद्रवात ठेवतो आणि ती फोडणारं विकर रिक्तिकेत, भिंतीपलीकडे. सुरी फिरली की भिंत फुटते, दोघांची गाठ पडते. डोळ्यांत पाणी आणायला आणखी एक विकर लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२मध्ये दाखवलं. जमिनीत गंधक कमी असेल तर तोच कांदा मिळमिळीत निघतो.

बेळ्ळंदूरच्या फेसाला कारण ठरलेल्या साबणचुऱ्यातल्या मुख्य रसायनातही गंधक असतं. ते घराघरातून रोज तलावाकडे जातं, आणि शेतकरी गंधकाची पिशवी वेगळी विकत आणतो.