ऊस आणि उसनं

वारणानगरात राहून उसाचं वजन कळतं, उसनवारीचं कळेलच असं नाही. तात्यासाहेब कोरे यांनी इथं उभ्या केलेल्या सहकारावर एका स्मरणिकेसाठी मी सहा पानी लेख लिहिला. लिहिला म्हणजे जुळवला. प्रत्येक उताऱ्याला अवतरणचिन्हं, खाली लेखकाचं नाव. सगळं कसं सोवळ्यात! सौ.नी पेन्सिल घेऊन परके उतारे खोडले. उरलं ते ‘एक अभ्यासक म्हणतात’, ‘ते पुढे म्हणतात’ आणि माझी सही.

“पण मी सगळ्यांची नावं दिलीत!”

“अहो, ज्याच्या फडातला ऊस नेला त्याचं नाव सांगितलं, म्हणून गाडीभर नेता येतो का?”

चिडून मी इतिहासात शिरलो. तंटा जुनाच निघाला. सालोमालो तुकोबांचे अभंग नाममुद्रा बदलून स्वतःचे म्हणून खपवी, असं परंपरा सांगते. नाथांचं गाऱ्हाणं उलटं. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ त, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं, की यात पदरची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. एकानं दुसऱ्याचं नाव पुसायचं, एकानं दुसऱ्याच्या नावाखाली आपलं घुसडायचं. माझी तऱ्हा तिसरीच : नाव ठेवायचं आणि माल सगळा न्यायचा!

मग कायदा उघडला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम खाजगी अभ्यास, टीका, परीक्षण, चालू घडामोडींचं वृत्त यांसाठी रास्त वापराला मुभा देतं. पण रास्त म्हणजे किती ओळी? आकडाच नाही! किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ पुस्तकाचं गिऱ्हाईक तुटतं का, हे कोर्ट पाहतं. चारशे पानी ग्रंथातल्या चार ओळी म्हणजे चिमूट; चार ओळींच्या कवितेतल्या चार म्हणजे अख्खी कविताच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हा हक्क संपतो खरा, पण तोवर थांबायला स्मरणिकेचे संपादक तयार नव्हते.

कारखान्याकडे निघालेल्या गाडीतून पोरं एखादं कांडं ओढतात. गाडीवान ओरडतो, पण गाडी थांबवत नाही. मोळी ओढली तर मात्र खाली उतरतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्याकडे कायद्याआधीच ठरलंय.

लेख पुन्हा लिहिला. दीड पान, उतारे दोनच, आणि दोन्हींशी माझं भांडण. सौ. म्हणाल्या, “हा तुमचा वाटतो.”

हे वाक्य त्यांना न विचारता उद्धृत केलंय. पण परीक्षण म्हणून चालून जावं.