पहिली रायफल : आधी काडतूस, मग बंदूक

अमेरिकेत पहिली रायफल घेणारा बहुधा तिच्या रूपावर भाळतो. वास्तविक आधी विचार करावयाचा तो काडतुसाचा. रायफल दोन पिढ्या टिकते, काडतुसे मात्र प्रत्येक सरावाला लागतात. जवळच्या दुकानात जे बारमाही मिळते, त्याचीच रायफल घ्यावी.

नवशिक्यास १८८७ पासून प्रचलित असलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस सर्वांत सोयीचे. धक्का नगण्य, आवाज बेताचा, किंमत अल्प. तरीही २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या महासाथीत हेच काडतूस दुकानांतून दिसेनासे झाले. शिवाय ते रिमफायर, म्हणजे पेट देणारे रसायन बुडाच्या कडेत असलेले. रिकामे कवच घरी पुन्हा भरण्याची सोय व्यवहारात नाही. हरणाच्या शिकारीस ते अपुरे पडते. तेथे .३०८ विंचेस्टर किंवा १९०६ पासूनचे .३०-०६ स्प्रिंगफील्ड घ्यावे. दुर्मीळ काडतुसाची जुनी रायफल स्वस्तात मिळते, ती उगीच नव्हे.

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही दिसण्यात जुळी भावंडे, परंतु नळीवर.२२३ कोरले असेल, तर त्यात ५.५६ घालू नये. आतील दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो.

एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील आपल्या मंडळींना तर संघराज्याच्या कायद्याने काडतूस बाळगण्यासही मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यास मुख्य अपवाद. ग्रीनकार्डधारकांस ही आडकाठी नाही, मात्र राज्यांचे नियम निराळे. इलिनॉयच्या रहिवाशास राज्याच्या ओळखपत्राविना काडतुसांची पेटीही विकत मिळत नाही.