बर्फाखालचे देवमासे

1977 साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने अलास्कातील इन्युपिआक लोकांच्या बोहेड देवमाशांच्या शिकारीवर बंदी घातली. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने 600 ते 2000 देवमासेच उरले होते. (संहार मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील व्यापारी जहाजांचा, शिक्षा सीलच्या कातड्याच्या होड्यांना.) त्याच वर्षअखेरीस तडजोड झाली : 1978साठी अवघे 12 देवमासे.

उत्कियाग्विकच्या शिकाऱ्यांचा आक्षेप मोजणीच्या पद्धतीवर होता. निरीक्षक बर्फाच्या काठावरून मोकळ्या पाण्यातले देवमासे मोजत. बोहेड मात्र डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो आणि बर्फाखालूनच दूरवर जातो. अनुभवी शिकारी हॅरी ब्राउअर यांनी ही गोष्ट शास्त्रज्ञ टॉम अल्बर्ट यांना समजावली. पुढे पाण्यात ध्वनिग्राहक सोडले गेले आणि न दिसणारे देवमासे ऐकू येऊ लागले. 2001च्या गणनेत आकडा 10,000पार गेला. त्यात प्रत्यक्ष वाढही होतीच.