शॅम्पेन ते कावा : एका नावाचा इतिहास

स्पेनमधील कातालोनियातल्या सान्त सादुर्नी या गावी १८७२ साली जुझेप राव्हेन्तोस यांनी शॅम्पेनच्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून, फेसाळ वाइन सिद्ध केली. पुढे फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. नव्या लागवडीत माकाबेओ, शारेल्लो व पारेयादा या पांढऱ्या जातींना प्राधान्य मिळाले आणि या वाइनचा पाया पक्का झाला.

मात्र ती विकली जाई शॅम्पेनच्या नावाने. १९६० साली लंडनच्या न्यायालयाने फ्रेंच उत्पादकांचा दावा मान्य करून ‘स्पॅनिश शॅम्पेन’ या नावाला मनाई केली. उसने नाव टिकणार नव्हते. अखेर उत्पादकांनी जेथे बाटल्या मुरतात त्या तळघराचेच नाव स्वीकारले : ‘कावा’.

‘ब्रूट नेचर’ या सर्वांत कोरड्या प्रकारात लिटरमागे ३ ग्रॅमहूनही कमी साखर असते. म्हणूनच तिची आंबट धार आणि बुडबुडे तळलेल्या मासळीचा तेलकटपणा कापतात; खारे बदाम व हामोन यांचा खारटपणाही तिच्यासोबत खुलतो. गोड पक्वान्नापुढे मात्र हीच वाइन रुक्ष वाटते. तेथे साखर अधिक असलेला प्रकारच योग्य.