व्हीलचेअरसह मनोरंजन उद्यानात : तिकिटाआधी काय विचारावे?

बेळगाव तालुक्यातील कडोलीहून मोठ्या मनोरंजन उद्यानात जायचे, तर दोन पर्याय प्रामुख्याने समोर येतात : खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले ‘इमॅजिका’ आणि बंगळुरूजवळच्या बिडदी येथील, २००५ पासूनचे ‘वंडरला’. दोन्हींसाठी ४०० ते ५०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. गोव्यातील कुटुंबांची स्थिती याहून वेगळी नाही. एवढे अंतर कापून गेल्यावर घरातील व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलावर इतरांच्या पिशव्या सांभाळत बसण्याची वेळ येऊ नये, यासाठी आधी चौकशी आवश्यक ठरते.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. मनोरंजनासाठी जनता वापरते अशा खासगी इमारतीही त्यात ‘सार्वजनिक इमारत’ ठरतात. जुन्या इमारती सुगम्य करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

मोजमापे : उताराचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि खुर्ची वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर जागा हवी. स्वच्छतागृहाची चौकशी करताना हे आकडे हाताशी ठेवावेत.

पाळणे : प्रवेशद्वारावर उतार आहे, म्हणून पाळण्यात बसता येईलच असे नाही. बहुतेक ठिकाणी खुर्ची सोडून पाळण्याच्या आसनावर बसावे लागते. फलाटापर्यंत जिना आहे की लिफ्ट, उचलून बसवण्यास कर्मचारी मदत करतात का, शरीराचा तोल स्वतः सावरता येणे बंधनकारक आहे का आणि पाळणा मध्येच थांबल्यास खाली कसे उतरवतात, हे प्रत्येक पाळण्याबाबत विचारावे. मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे पायांची संवेदना गेली असल्यास तापलेल्या आसनाचा चटका जाणवत नाही. त्यामुळे जाड टॉवेल सोबत असावा. बॅटरीवरील खुर्ची पाण्याच्या खेळांपासून दूर ठेवावी.

प्रवास : सोबत्याविना प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत मिळते.

हे खेळ सर्वांसाठी खुले करणे अशक्य नाही. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे २०१० मध्ये उघडलेल्या ‘मॉर्गन्स वंडरलँड’मध्ये खुर्चीसह चक्रपाळण्यात बसता येते आणि दिव्यांगांना प्रवेश मोफत असतो. २०१७ मध्ये तेथे जलउद्यानही सुरू झाले. त्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या खुर्च्या मिळतात.

उद्यानाकडून आलेली उत्तरे लेखी घ्यावीत आणि जाताना सोबत ठेवावीत.